सेफ्टी जॅकेट घालून खडोलीला

नाशिकहून सिल्वासाची एसटी सुटली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. कंडक्टरने तिकीट देता देता विचारलं, "सिल्वासाला काय काम काढलं, मावशी?"

"पळायला चाललेय."

त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग मागच्या बाकावरच्या दोन गृहस्थांकडे. "लोक तिथून परत येताना धड चालत नाहीत, आणि तुम्ही पळणार?"

सगळी बस खदाखदा हसली. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आणि सिल्वासात मात्र मोकळीक, तेव्हा सिल्वासाला जाणारा माणूस एकाच कामासाठी जातो, असा या मार्गावरच्या कंडक्टरांचा ठाम समज आहे. मी मात्र खरोखर पळायला चालले होते. पन्नाशी उलटल्यावर मी पूर्ण मॅरेथॉनला नाव घातलं आहे. शर्यत समुद्रकाठी, आणि सराव नाशिकच्या कोरड्या थंडीत. दमट हवेत निदान एकदा तीस किलोमीटर पळून बघायचं होतं. जमलं तर शर्यत, नाही तर नाव काढून घ्यायचं, असं मी स्वतःला बजावलं होतं. गेल्या महिन्यात गुडघ्याने दोनदा दगा दिला होता आणि शर्यतीआधी लांब पळायला आता आणखी रविवार शिल्लक नव्हते.

पेठ मागे पडलं, कपराड्याचा घाट उतरला. सागाची धुळकट पानं, उन्हात वाळत घातलेलं गवत. मग जंगल संपलं आणि कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या. सुताच्या रिळांनी भरलेले ट्रक, पत्र्याची छपरं, चहाच्या टपऱ्या. हवा अशी ओली की रुमाल बाहेर काढला तरी वाळेना. मी खूश झाले. हवी तशी हवा होती!

सिल्वासाच्या टोकरखाडा भागातल्या कॉलनीत माझी धाकटी बहीण नंदा राहते. तिचे यजमान सुधीरराव खडोली गावाच्या बाजूला एका सुताच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. हा गृहस्थ घरीही ड्यूटीवरच असतो. न्हाणीघरासमोर "ओली फरशी, सावकाश चाला" अशी पाटी आहे. पाहुण्याला चहाच्या आधी गॅसचा मुख्य खटका कुठे आहे ते दाखवतात.

रात्री जेवायला उंबाडियुं (मडक्यात पाला घालून, जाळात भाजलेले कंद, बटाटे आणि पापडी, आपल्या पोपटीची गुजराती बहीण) आणलं होतं. लांब पळण्याच्या आदल्या रात्री साधा वरणभात खावा, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण हिरव्या लसणीचा तो वास! मी तीनदा वाढून घेतलं.

"ताई, उद्या त्या खडोलीच्या रस्त्याने एकट्या जाऊ नका," सुधीरराव म्हणाले. "टँकर असतात, कुत्री असतात. मी गाडीने मागे येतो."

"मागे गाडी घेऊन पळायला मी काय मंत्री आहे?"

"अगं येऊ दे की," नंदा म्हणाली. "मी केळी धरून बसते."

पहाटे निघाले तेव्हा पोटात कंद आणि पापडी यांचं भांडण जुंपलं होतं. दारातच सुधीररावांनी कंपनीचं केशरी, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट माझ्या अंगावर चढवलं. "हे घातल्याशिवाय मी सोडणार नाही." मी भांडले, ओरडले, शेवटी घातलं. ते मांडीपर्यंत लोंबत होतं.

पुढे मी, मागे त्यांची गाडी, तिचे चारही दिवे लुकलुकताहेत आणि खिडकीतून नंदा केळं दाखवतेय! कुत्री भुंकली की हॉर्न, वळण आलं की हॉर्न. एका ट्रक ड्रायव्हरने विचारलं, "बेन, कोई पाछळ पड्यूं छे?" (बाई, कुणी मागे लागलंय का?) मी म्हणाले, "हो, माझे मेव्हणे!"

तरीही पाय छान पडत होते. गुडघा गप्प होता. खडोली आली, आडरस्त्यांवर हिंडून झालं, अर्ध्याहून जास्त अंतर सरलं आणि सुधीररावांच्याच कारखान्यासमोर मी आले. रात्रपाळी सुटत होती, पहिली पाळी गेटावर रांगेत उभी होती. मी घामाघूम, तोंड उघडं, पोट धरून, केशरी जॅकेट उडवत त्यांच्याकडे धावत येतेय. मागे साहेबांची गाडी, दिवे लुकलुकताहेत, हॉर्न चालू.

कुणीतरी ओरडलं, "भागो!"

आणि शे-दोनशे माणसं पळत सुटली! डबे पडले, चपला राहिल्या. काहीजण तर पळता पळता रुमाल हवेत धरून वारा कुठला आहे ते बघत होते, म्हणजे धूर किंवा वायू अंगावर येणार नाही अशा बाजूला पळता येईल. मी थांबले, हात हलवून "काही नाही, काही नाही" ओरडले, तर ती अधिकच पळाली.

सगळं उलगडायला बराच वेळ गेला. एक सुपरवायझर कामगारांवरच खेकसला, "भोंगा वाजला होता का? अक्कल नाही?" मग गाडीतून उतरणारे सुधीरराव दिसले आणि त्याचा आवाज लोण्यासारखा झाला. "गुड मॉर्निंग सर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक जॅकेटवालीची, आणि शिव्या अनवाणी उभ्या असलेल्यांना!

धुळ्याकडची एक बाई आपला सांडलेला डबा घेऊन माझ्यासमोर आली. "काय पेटनं व माय?"

"काही नाही पेटलं. मी शर्यतीसाठी पळतेय."

"अशीच पयी ऱ्हायनी? आनि आमना जीव काढा!" (अशीच पळतेय? आणि आमचा जीव काढलास!)

सुधीरराव मध्ये पडले. "पण सखूबाई, भोंगा वाजल्याशिवाय पळायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलंय ना?"

"गोदामले आग लागनी तव्हय कोठे वाजना तुमना भोंगा? जॅकेटवाला पयनात, म्हनीसन आम्ही वाचनूत." (गोदामाला आग लागली तेव्हा कुठे वाजला तुमचा भोंगा? जॅकेटवाले पळाले, म्हणून आम्ही वाचलो.)

सुधीरराव वाकून विखुरलेल्या चपला गोळा करू लागले. न्हाणीघराला पाटी लावणारा माणूस!

मी ते जॅकेट काढून त्यांच्या हातात कोंबलं. "गाडी घेऊन घरी जायचं. नंदा, केळी त्या सखूबाईंना दे, त्यांचा डबा सांडलाय."

पाय थंड होऊन लाकडासारखे झाले होते. मध्ये थांबून पुन्हा सुरू केलेलं पळणं धरावं की नाही, यावरून आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. मी त्या दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि सुरू केलं. रात्रपाळीची बस शेजारून गेली. खिडक्यांतून कुणी "भागो!" ओरडलं, कुणी शिट्टी मारली. मी मूठ दाखवली. उन्हं चढली, पोट ढवळलं, एका शेताच्या बांधाआड जाऊन यावं लागलं. पण टोकरखाड्याच्या कॉलनीच्या फाटकापाशी तीस पूर्ण झाले. गुडघा माझ्यापेक्षा शहाणा निघाला, चकार शब्द बोलला नाही.

परतीच्या एसटीत आनंदाने नाचावं की नाही? मला शर्यत मिळाली होती. पण डोळ्यांसमोर ते हवेत धरलेले रुमाल येत होते. मी हौसेने घाम गाळते आणि त्याला सराव म्हणते. त्या माणसांचा पळण्याचा सराव मात्र गोदामाच्या आगीने करून घेतला होता! नाशिक येईपर्यंत राग उतरला नाही, आणि उतरवायचा प्रयत्नही मी केला नाही.

उतरल्या उतरल्या सुधीररावांना फोन लावला. "भोंगा दुरुस्त झाला?"

"वर कळवलंय, ताई. प्रोसेसमध्ये आहे."

आता रोज सकाळी पळून आले की मी त्यांना फोन करते. धाप लागलेली असते, त्यामुळे लांबण लावत नाही, तेवढंच विचारते. पहिले दोन दिवस त्यांनी उत्तर दिलं. मग फोन उचलेनासे झाले. काल नंदाने उचलला आणि हळूच म्हणाली, "ताई, तुझा फोन येईल म्हणून ते हल्ली लवकर कामावर जातात."

"उत्तम," मी म्हणाले. "कंपनीचा नंबर दे."