दाराबाहेर खाकरणारा माणूस

आदल्या संध्याकाळी मी आणि माझ्या बायकोनं अंबाडीची भाजी निवडली. ती पानं खुडत होती, मी देठं बाजूला टाकत होतो. "देठं ठेवायलात अन् पानं टाकायलात," म्हणून ती माझ्यावर खेकसली. पहाटे उठवायला गेलो तर उठली नाही. तिचा जलदान विधी झाला, पाहुणे गेले आणि मी पुन्हा पूर्णा जंक्शनजवळच्या दवाखान्यात कामावर रुजू झालो.

मी तिथला अटेंडंट. शिक्षण चौथी. नंबर लावणं, पेशंटला आत सोडणं, दार ओढून घेणं, एवढं माझं काम. डॉक्टर मॅडम बायकांच्या आजाराच्या.

मी नव्हतो तेवढ्यात तिथं एक मशीन आलं होतं. लहानसा डबा, त्याला वायरी, पुढं स्क्रीन. मॅडम एकेका बाईला आत घेऊन दार लावायच्या. नवऱ्यालासुद्धा बाहेर बसवायच्या. सुई नाही, गोळी नाही, आतून आवाजही नाही. मला शक आला. सरळ विचारलं.

"मॅडम, आत काय करायलात? बायांना करंट देता का?"

"करंट नाही काका. याला बायोफीडबॅक म्हणतात. काही बायकांना नवऱ्याजवळ जावंसं वाटतं, पण शरीर साथ देत नाही. अंग तयारच होत नाही, मग दुखतं. आधी शुगर, थायरॉईड, चालू गोळ्या, सगळं तपासते. काही जणींचं कारण ताण निघतं. अंग आवळलेलं असतं आणि त्यांना ते कळत नाही. मशीन ते स्क्रीनवर दाखवतं. बघत बघत अंग सैल सोडायला शिकायचं."

"म्हणजे मशीननं बरं होतं?"

"मशीन नुसतं दाखवतं. बरं व्हायला रोज सराव लागतो."

"आमच्या वेळेला असला आजारच नव्हता."

"नव्हता, का कुणी तुम्हाला सांगितला नव्हता?"

मला काही पटलं नाही.

त्यात ती सुरेखा. नाव बदललंय. चुडाव्याची सून, ताडकळसची लेक. नवरा विलास तिला मोटरसायकलवर आणायचा आणि माझ्याशेजारी बसायचा. एकदा म्हणाला, "काका, घरचे म्हणायलेत, हिला ताडकळसला सोडून ये अन् दुसरी बघ. मला सोडायची न्हाई. पर ते माझं किती दिवस ऐकून घेतील?"

मग तर माझा शक वाढलाच. पोरीचा संसार मोडायच्या बेतात, आणि हे तिला डबा दाखवायलेत! मी लक्ष ठेवायचं ठरवलं. सुरेखा आत गेली की काहीतरी निमित्त काढून दारापाशी जायचो. आत बाईमाणूस, म्हणून आधी खाकरायचो. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसानं खाकरल्याशिवाय बायकांपाशी जायचं नसतं. त्यांना पदर सावरायला वेळ मिळतो.

बाकीच्या बाया शिकत होत्या. सुरेखाचं काही जमेना. तिच्या खांद्याला सेन्सर चिकटवायचे, हे मला नंतर कळलं. स्नायू सैल पडले की स्क्रीनवरची रेघ खाली येते. हिची खाली यायची आणि एकदम उडायची. मॅडमनी कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं वायरी बदलल्या. रेघ तशीच. मी मनात म्हणालो, आता यांचं पितळ उघडं पडणार.

एक दिवस मी दारापाशी खाकरलो आणि दार खाडकन उघडलं.

"काका, आत या. सुरेखाच म्हणाली, बोलवा."

सुरेखा खुर्चीत बसलेली. अंगभर साडी, खांद्याला दोन वायरी. एवढंच.

"आता खाकरा," मॅडम म्हणाल्या.

"कामून?"

"खाकरा हो!"

खाकरलो. रेघ टुणकन वर. खाली यायला बराच वेळ लागला. पुन्हा खाकरलो. पुन्हा वर. सुरेखा आधी हसली, मग रडायला लागली.

"आमचे सासरे असंच खाकरतेत. आमच्या खोलीच्या दारालाच त्यांची बाज हाय. येता-जाता खाकरतेत. ऐकलं की मी सगळी आवळून जाते. श्वाससुद्धा."

विलासला आत बोलावलं. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली. "बापाला बाज हलवा कसं म्हणू? कामून विचारलं तर काय सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

"सांगा काका," सुरेखा म्हणाली. "पर दवाखान्याचं काही बोलू नका."

पुढं ती बरेच महिने येत राहिली. घरीही सराव करायची. फरक पडला, सावकाश पडला. ताडकळसला आता फक्त सणासुदीला जाते. मशीनवर माझा अजून पुरता भरवसा नाही. पण दुसऱ्यावर पाळत ठेवणाऱ्यानं आधी दारातून बाजूला व्हावं, एवढं मला कळलं.

दवाखान्यात खाकरून दाखवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गाडीनं चुडाव्याला गेलो होतो. विलासचा बाप बाजेवर चहा पीत होता.

"जय भीम. विलासच्या ओळखीचा हाय. ही बाज तेवढी पुढच्या बैठकीत टाका."

"तू कोण सांगणारा? मी कधी खाकरल्याबिगर आत पाय टाकला न्हाई. सुनेची अदब ठेवतो."

"ठेवता, म्हणूनच सांगायलो. लेकासुनेच्या दाराला बाज लावून कसली अदब?"

"तुझी बाज कुठं टाकतोस रं?"

"कुठंबी. आता मी खाकरलो तरी पदर सावरायला घरात कोणी न्हाई."

म्हाताऱ्यानं चहाची कपबशी खाली ठेवली. मग उठला, उशी काखेत मारली आणि म्हणाला, "पायथ्याकडून धरा."