'सर्व डेटा पुसला जाईल'

आधीच सांगते — मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही माझ्यापुढे कोणी काढलं की मी पुरावा मागते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. बाबा वनरक्षक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि ते जंगलातल्या तीस वर्षांच्या आठवणी दोन बोटांनी टाइप करत बसायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि ते लिखाण काही सापडेना. एकूण एक फोल्डर, पेनड्राइव्ह — सगळं पालथं घातलं. शेवटी मनाची समजूत घातली, की पुसलं गेलं असेल.

यंदा शाळेची साइट त्या जुन्या सिस्टिमवर उघडेना. मावसभाऊ प्रमोद चंद्रपुरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो म्हणाला, "ताई, सगळं पुसून नवीनच टाकू." आईचा चेहरा उतरला. "त्याईचं हाये व ते... राहू दे ना." पण माझं ठरलं होतं. किती दिवस कवटाळून बसायचं?

रविवारी भर दुपारी प्रमोदनं नवी सिस्टिम असलेला पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर आलं, 'सर्व डेटा पुसला जाईल.' मी स्वतः 'हो'वर क्लिक केलं. कॉम्प्युटर बंद! लाइट होती, डोक्यावर पंखा फिरत होता. परत चालू केला — त्याच क्लिकवर बंद. प्रमोदनं वायर बदलली, रॅम पुसून बसवली, वीस मिनिटं नुसता चालू ठेवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही! 'हो' म्हटलं की तिसऱ्यांदाही बंद.

"ताई, राहू द्याचं का?"

"काऊन राहू द्याचं? लाव परत!" मी हट्टाला पेटले होते.

"थांब, आधी जुनं तरी चालू होते का पाहू." त्यानं पेनड्राइव्ह काढला. जुनी स्क्रीन आली आणि... रिसायकल बिन उघडलेली! माउसला आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता. आत बाबांच्या एकेचाळीस फायली.

"अगं आई, बाबांनी हे कचऱ्यात काऊन टाकलं?" मी ओरडलेच.

आई तिथंच वाल निवडत होती. तिनं स्क्रीनवरच्या बिनच्या चित्राकडे बोट केलं. "कचरा कायचा व? टोपली हाये ते. आपण बी-बियाणं नाई ठेवत का टोपलीत, राख घालून? कीड लागत नाई. तसंच. रोज काढत, लिहीत, परत ठेवून देत."

"मग इतके दिवस सांगितलं काऊन नाई?"

"तुमी मले इचारलं कुठी? मी जवळ आली का, तू म्हणे, 'तुले काय समजते त्यातलं?'"

खरंच, मी तसंच म्हणत होते. मान वर करायची सोय राहिली नाही.

सगळ्या फायली दोन ठिकाणी कॉपी केल्या. मग पुन्हा मीच 'हो' केलं. नवी सिस्टिम मुकाट्यानं बसली, आजवर एकदाही बंद पडली नाही. प्रमोद म्हणतो, लूज कॉन्टॅक्ट. असेलही... पण तो नेमका त्याच एका क्लिकला सैल व्हायचा? आणि बिन कोणी उघडली? खूप डोकं लावलं.

आता रोज संध्याकाळी आईला एक फाइल वाचून दाखवते. परवा आईबद्दल एक ओळ आली — 'मी सहा-सहा दिवस जंगलात, शेवंता एकटी घरी. पण तिनं कधी कुरकुर केली नाही.'

आईनं डोळ्याला पदर लावला.

"केली होती व," ती म्हणाली. "त्याईले ऐकूच नाई आली."