राजाक्काचा हातगुण

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या वेळच्या कुणातरी सभासदाचा नातू दारात भांडायला उभा राहायचा! निपाणीच्या आसपासचं, तंबाखूच्या पेठेचं गाव, एवढं पुरे. तिथल्या म्युनिसिपालिटीची सुईण म्हणजे राजाबाई. नवरा गेल्यावर बेळगावच्या दवाखान्यात वर्षभर राहून शिकून आलेली. कात्री उकळल्याशिवाय नाळेला लावायची नाही. वीस वर्षांत कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्मली. लहानथोर सगळे तिला राजाक्का म्हणायचे.

म्हणायचे खरं, पण बोलवायचे कधी? तिथंच घोडं पेंड खायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरची म्हातारी सुईण ठरलेली. ती असताना सरकारी बाई बोलावणं म्हणजे आपल्याच लेकीचं अशुभ चिंतणं. मग पोरगी दोन दिवस कळा काढायची, डोळे पांढरे करायची, आणि तिसऱ्या दिवशी घरचे पळत यायचे, “आक्का, लौकर चला!” राजाक्का जायची. दहातल्या सात वाचवायची. उरलेल्या तिघींपायी घरी येऊन तिला घास गिळवायचा नाही.

१९३२ साली वरून हुकूम आला, की म्युनिसिपालिटीनं आपल्या प्रत्येक खात्याचं काम वर्षाकाठी तपासावं. सभा भरली. कारकून श्रीपादनं तक्ता वाचला, “सुईण राजाबाई. प्रसूती एकतीस. मृत बाळंतिणी नऊ.”

अध्यक्ष मारुतीराव काही वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच हळहळ वाटली. “बाई, नऊ म्हंजे लई झाल्या की!”

“साहेब, दोन-दोन दिवस अडल्यावर बोलावत्यात मला.”

“तक्त्यात कुठं हाय तसं?”

तक्त्यात नव्हतंच. सुईण कधी बोलावली, याला रकानाच नव्हता. ‘मग घाला की एक रकाना,’ हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण खुर्च्यांवरच्या अकरा पुरुषांपुढं एकटी विधवा बाई किती बोलणार? ती पदर पिळत उभी राहिली. श्रीपादला सगळं ठाऊक होतं, त्याची बायको तिनंच वाचवलेली. मेल्यानं तोंड उघडलं नाही. ठपका लिहिला गेला, आणि लोकांना कळावं म्हणून सगळ्या खात्यांचे आकडे बाजारात दवंडी पिटून सांगायचा ठराव झाला.

बाजाराच्या दिवशी शिपाई मष्णूनं दवंडी पिटली. दिवे अमुक, गटारं तमुक, सुईणीच्या हातच्या मेल्या नऊ. दिव्यांचं कोण ऐकतंय? ते नऊ तेवढे बायकांनी भाजीबरोबर घरी नेले. ‘राजाक्काच्या हाताला यश न्हाय,’ असं पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग महिनाभर कुणी दारात आलंच नाही.

एका दुपारी ती भाकरी थापत होती. रस्त्यावरनं गाडी चाललेली, आणि आत बाई कण्हत होती. ते कण्हणं तिला कळलं. ती पिठाच्या हातानंच धावली. गाडी वाडीच्या भावकूची. आत त्याची लेक जयी, उशाशी तिची आई शालूबाई. शालूबाईचं माहेर याच गल्लीत, आणि अठरा वर्षांमागं ही जयी राजाक्कानंच ओढून काढलेली.

पोट बघताच तिनं ओळखलं. बाळ आडवं. असली पाच-सहा पोरं तिनं फिरवून काढली होती.

“भावकू, गाडी सोड रं! आत घ्या हिला, मी हात धुऊन आले!”

भावकू खाली उतरला आणि त्यानं तिचे पाय धरले. “आक्का, पाया पडतो, पर हात लावू नगा. नऊ गेल्यात म्हणं. कोल्हापूरला नेतो मी.”

“आरं, बारा कोस कोल्हापूर! तितवर टिकायची न्हाय ही! शालू, तू तर सांग गं!”

शालूबाई हुंदके देत होती. राजाक्काकडं बघवेना तिला. तिनं आपला पदर लेकीच्या पोटावर पसरला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. राजाक्कानं गाडीचं जू पकडलं, तसं शेजारच्यांनी तिला मागं ओढलं. “जाऊ द्या की आक्का, उगं दहावी कशाला?”

गाडी गेली. कोगनोळीच्या अलीकडं जयी गेली, पोटातलं बाळही गेलं. राजाक्काला तिसऱ्या दिवशी कळलं. तिनं चुलीपुढं बसून कपाळ बडवून घेतलं, पण सांगणार कुणाला?

वर्ष सरलं. पुन्हा सभा, पुन्हा तक्ता. “प्रसूती चार,” श्रीपादनं वाचलं, “मृत बाळंतिणी, निरंक.”

मारुतीरावाचा चेहरा खुलला. “बघा बाई! मनावर घेतलं की जमतंय!”

“साहेब,” राजाक्का पुढं होत म्हणाली, “वाडीच्या भावकूची जयी मेली. ती लिवा. माझ्या नावावर लिवा.”

श्रीपादनं टाक खाली ठेवला.

“तिला तुमचा हात लागला न्हाय, आक्का,” तो हळूच म्हणाला. “ती तक्त्यात येत न्हाय.” आणि पान उलटून तो गटारांचे आकडे वाचायला लागला.