काचेवर उकळतं पाणी

कॅनबेरातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या वीस वर्षं जुन्या गाडीपेक्षा शेजारचा म्हातारा जास्त वेळेवर सुरू व्हायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला ‘मेट’ म्हणायचा, तेवढ्यावर भागत होतं. उणे पाचात हाफ पँट घालून, चहाचा मग पोटाशी धरून तो कुंपणाशी उभा राहायचा. माकडटोपी घातलेला मी लायब्ररीच्या कार्डाने काचेवरचा बर्फ खरवडायचो.

“ही कसली थंडी, मेट! आमच्या डोंगरात असलेच खटारे चालवले मी. रात्री बॅटरी काढून अंथरुणात घ्यायचो.”

बायको कुठे झोपायची, हे मी विचारलं नाही.

एकदा उशीर झाला म्हणून मी किटलीतलं उकळतं पाणी काचेवर ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

“असं होणार हे माहीत होतं तुला?” मी ओरडलो.

“हो. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं,” तो घोट घेत म्हणाला. “सांगून कुणी ऐकतं का?”

काय थोर माणुसकी!

यंदा समोर नाशिकचं जोडपं राहायला आलंय. आज सकाळी नवरा वाफाळती किटली घेऊन गाडीकडे निघाला, तेव्हा मी चहाचा मग घेऊन कुंपणाशीच होतो. हाक मारायला तोंड उघडलं, आणि चहाचा घोट घेतला.