जुन्या प्रिंटरवरचे शब्द

पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली. त्यांना बोट ठेवून सांगता यावं म्हणून मला मोठ्या अक्षरांत काही शब्द छापायचे होते; पण नव्या कॉम्प्युटरला घरातला जुना इंकजेट प्रिंटर ओळखू येईना.

"कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर बंद केलंय. टाकून द्या," कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला.

शेवटी इंटरनेटवर एक मोफत सॉफ्टवेअर सापडलं. अशा सोडून दिलेल्या यंत्रांसाठी कुणा अनोळखी माणसांनी ते लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. कुणाचं तरी कुठेतरी अडलं असेल, एवढाच विचार करून ती कामाला बसली असतील. माझ्या बाबांबद्दल त्यांना कधीच कळणार नाही.

प्रिंटर कुरकुरला आणि कागद हळूहळू बाहेर आला. मी तो बाबांपुढे धरला.

"काय हवंय, बाबा? पाणी?"

त्यांचं बोट ‘पाणी’वरून पुढे सरकलं आणि ‘जवळ बस’वर थांबलं.