उद्यानातला एका रात्रीचा मुक्काम

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुम्ही तंबू लावायचात ते गार्डन कोणतं? डिसेंबरमध्ये आलो की आपण तिथेच राहू. आई बुकिंग करेल." मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आवरलेलं कपाट पुन्हा दोनदा आवरून झालं. तुमची आई म्हणत होती, तिकडे परदेशातही सरकारी उद्यानात तंबू लावायचे दर दरवर्षी वाढतात आणि जागा कितीतरी महिने आधी धरावी लागते. म्हणजे दरवाढ तुम्हाला नवी नाही. पण आम्ही तिथे मुक्कामाला जाणं का थांबवलं, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही आलात की अकोल्याची आत्या-आजी ते तिच्या पद्धतीनं सांगेल, आणि तिच्या पद्धतीत माझी धडगत नाही. म्हणून आधी मीच लिहिते.

आत्या-आजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. माझं लग्न झालं तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती. आता ती अकोल्यात विद्यापीठातल्या मुलांचे जेवणाचे डबे करते. यजमान गेल्यावर सुरू केलं आणि कोणापुढे हात न पसरता घर उभं ठेवलं. एक दिवस डबे बंद ठेवले तरी तिला ते जाणवतं. तरी थंडीतल्या आमच्या मुक्कामाला ती कधी चुकली नाही.

हा मुक्काम म्हणजे तीन घरांचा. आम्ही अमरावतीहून, ती अकोल्याहून, आणि आजोबांचे कचेरीतले जुने मित्र व त्यांची पत्नी तिवशाहून. घाट चढून वर गेलं की ते सरकारी उद्यान. तंबू म्हणजे खरं तर कापसाच्या ढिगावर टाकायची ताडपत्री. ती दोन झाडांच्या मध्ये दोरीवर टाकायची, खाली सतरंज्या. चौकीदार एक गुलाबी पावती फाडून द्यायचा, तिचे पैसे कोणी दिले हेही कोणाच्या लक्षात राहत नसे. दुपारी गोवऱ्या पेटवायच्या आणि त्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजायचे. रोडगा म्हणजे जाडसर कणकेचे थर एकात एक गुंडाळून केलेला गोळा. वरून राखेनं काळा होतो, फडक्यानं पुसून फोडला की आत पापुद्रे सुटतात. वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कणीक आत्या-आजीनंच भिजवायची, तो तिचा मान. आणि रोडगे कधी माणसं मोजून करायचे नाहीत. शेजारच्या झाडाखाली जो कोणी उतरला असेल त्याला हाक मारायची, हाही नेमच.

मग दर वाढायला लागले. आधी गाडीचे वेगळे पैसे आले, मग माणशी, मग कॅमेऱ्याचे. एका वर्षी आमच्या झाडांच्या जागी पक्के तंबू उभे राहिले, आत पलंग, बाहेर दिवे, सकाळचा नाश्ता त्यातच धरलेला. आपला तंबू आणला तरी चालायचं, पण त्या जागेचंच भाडं इतकं की आपला आणण्यात अर्थ राहिला नाही. शनिवार-रविवारी त्याहून जास्त. मला वाईट म्हणता येत नाही. पूर्वी तिथे संडास नव्हता, आम्ही बायका पहाटे कंदील घेऊन जायचो. आता नळाला पाणी असतं. पण एका रात्रीच्या भाड्यात अकोल्याला आत्या-आजीच्या घराचा महिन्याचा किराणा आला असता.

त्या वर्षी मी बुकिंग करायला कॉम्प्युटरवर बसले आणि माझा हात थांबला. दर सांगितला तर ती म्हणणार, "अवो वयनी, यंदा डब्याले खूप पोरं हायेत, मले काही जमत नाई." आणि एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षीही नाही. पैसे आम्ही भरतो म्हटलं असतं तर तिनं फोनच ठेवला असता. म्हणून मी फोनवर तिला सांगितलं, "ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे ग. तुला अगदी थोडे द्यावे लागतील." तिनं विचारलं, "खरं?" मी म्हटलं, "सरकारी नियम आहे."

आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, कॉपी करणारीला वर्गाबाहेर काढलं. आणि इथे नियमाचंच नाव घेऊन खोटं बोलले. जायच्या दिवसापर्यंत मला चैन नव्हतं. सामानाची यादी चार वेळा लिहिली. आजोबा म्हणाले, "यादीत काय शोधून राहिली?" मी पाचवी लिहायला घेतली.

घाट चढताना, सकाळच्या बसनं आमच्याकडे आलेली आत्या-आजी मागच्या सीटवर तिवशाच्या दोघांशेजारी कणकेची परात मांडीवर घेऊन बसली होती आणि खुशीत होती. मी पुढे बसून एकच विचार करत होते. तिकिटाच्या खिडकीवर मी जायचं, पावती मी घ्यायची, तिला गाडीतच ठेवायचं. पण फाटकाशी मला पर्समधून आधार कार्ड काढायला वेळ लागला, तेवढ्यात ती उतरली.

खिडकीजवळ दरांचा मोठा फलक होता. त्यासमोर एक म्हातारं जोडपं उभं होतं. अंजनगाव सुर्जीकडचे शेतकरी, मोटरसायकलवर आलेले. मुक्काम नाही, नुसतं आत फिरून यायचं त्यांच्या मनात होतं. प्रवेशाचे पैसे वाचून काका परत वळले होते.

"काहून परत चालले, काका?" आत्या-आजीनं विचारलं.

"एवढे पैसे देऊन झाडं पाहायची काय, बाई? झाडं आमच्या घरी हायेत."

"अवो, म्हाताऱ्या माणसाले सवलत हाय! माह्या वयनीनं सांगतलं, सरकारी नियम हाय. आधार कार्ड हाय ना तुमच्यापाशी?" असं म्हणून तिनं त्या मावशींचा हात धरला आणि दोघांना थेट खिडकीशी नेलं. "अवो मॅडम, यायले ज्येष्ठाची सवलत द्या."

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "अशी सवलत नाही, ताई. सगळ्यांना एकच दर."

"आमाले तर देल्ली ना! पाहा तुमच्या कॉम्प्युटरमधी."

बाईंनी पाहिलं. आमचं नाव निघालं, पूर्ण दर निघाला, पैसे कोणाच्या खात्यातून आले तेही निघालं. त्यांनी ते वाचून दाखवलं.

आत्या-आजी माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, तेच मला जड गेलं. "वयनी, तुमी मले फुकटात आणलं?"

मी म्हटलं, "तू आली नसतीस."

"नसती आली. मंग नसती आली. घरी बसून म्हटलं असतं, यंदा पैसे नाई माह्यापाशी. त्याच्यात काय लाज होती? आता या मानसायपुढे मी खोटी पडली ते?" मग ती फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. "तुमी जा आत. मी बसची वाट पायतो."

तिवशाच्या मित्रांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "बाई, तुमी गेल्या तर रोडगे कोन करन? मी केले तर तेच बंदुकीत भरता येतीन." ती हसली नाही. आजोबांनी तिला नुसती हाक मारली, तिनं मान वळवली नाही. मी तिच्यासमोर उभी होते, बसावं की उभं राहावं ते कळत नव्हतं. आत आमचा तंबू तयार होता, पैसे भरलेले, परत न मिळणारे. आणि मला स्पष्ट दिसत होतं की आज ती बसनं गेली तर यापुढे ती माझ्या कुठल्याच बोलावण्यावर येणार नाही.

मी म्हटलं, "मी चुकले. मला तू हवी होतीस आणि मी तुला विचारलं नाही."

ती बसच्या रस्त्याकडे बघत होती. त्या मावशी अजून तिथेच उभ्या होत्या. आमच्या घरगुती भांडणात आपण कारण झालो, याचं त्यांना ओशाळं वाटत असावं. त्यांनी विचारलं, "गाडीतल्या परातीत काय हाय, बाई?"

"रोडग्याची कणीक," आत्या-आजी म्हणाली.

"मंग आमच्या वावरात चाला. घाट उतरला का संत्र्याची बाग हाय. गवऱ्या घरच्या हायेत, पाणी हाय."

ती उठली. माझ्याकडे न बघता गाडीत बसली आणि परात पुन्हा मांडीवर घेतली. "चाला म्हन्तात ना," ती आजोबांना म्हणाली. आम्ही आत न जाताच घाट उतरलो.

बागेच्या कडेला दुपारी रोडगे झाले. तिनं काका-मावशींना आधी वाढलं, मला सगळ्यांत शेवटी. पण वाढलं. तूप घालताना म्हणाली, "पुढच्या साली मुक्काम नाई. दिवसाचं येऊ, संध्याकाळी घरी. ज्याचं पीठ त्यानं आनाचं, पेट्रोल वाटून. कबूल?" मी म्हटलं, कबूल. उन्हं कलायच्या आत आम्ही परत निघालो.

तुम्हाला त्या उद्यानात राहायचं असेल तर तुमच्या आईनं जरूर बुकिंग करावं. जागा सुंदर आहे, तंबू स्वच्छ आहेत, आणि तो खर्च तुम्हाला झेपेल. मी येईन की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. रोज एकदा येईन म्हणते आणि रोज एकदा नको. आत्या-आजीला बोलवायचं असेल तर दर आधी सांगा, पूर्ण सांगा. ती अजूनही माझ्या प्रत्येक बोलण्यावर विचारते, "खरं सांगून राहिल्या ना, वयनी?" भाजीचा भाव सांगितला तरी विचारते.

आमचा रात्रीचा मुक्काम संपला. थंडीत एक दिवस तिन्ही घरं घाटाखालच्या त्या वावरात जमतात, रोडगे होतात, आणि कणीक आत्या-आजीच भिजवते.