वाळूतली पाकळी आणि मामांचा ओव्हन

ओव्हनचा लाल दिवा लागला होता. मला आधी एवढंच खटकलं.

रविवारी दुपारी मी कोरेगावला घरी होते. पलूसच्या आमच्या कॉलेजातल्या माती-लॅबचे मामा, म्हणजे फौजेतून रिटायर होऊन आलेले शिपाई, यांनी ग्रुपवर फोटो टाकला : ‘साफसफाई ओके.’ फोटोत ओव्हन चालू, आणि खिडकीत माझा ट्रे नाही!

या लॅबचे किस्से म्हणजे खिशातली वाळू. कितीही झटका, चार कण राहतातच. मामांना फोन लावत बसले आणि एकेक आठवू लागला.

*

ट्रेमधली वाळू मी कोकणातून एसटीनं आणली होती. पोतं बघून कंडक्टर म्हणाला, “ह्याचं फुल फाडू का हाफ?”

*

प्रोजेक्ट असा : किनाऱ्याची वाळू, खालून खारं पाणी, वर बल्ब. पाणी वाळूतून वर चढतं, सुकतं, विरघळलेलं जिप्सम मागे राहतं आणि वाळूचे कण पोटात घेतच त्याचा स्फटिक वाढतो. मला कुठला धीर! रोज काडीनं उकरायचे.

मामा म्हणाले, “अगं, पेरल्यालं बी रोज उकरून बघत्यात व्हय?”

*

मामांचा नियम एकच : ओलं दिसलं की ओव्हनमध्ये, एकशे पाच डिग्रीवर. माझ्या प्रोजेक्टच्या गाइड मॅडमनी एकदा नदीकाठच्या खारवट रानातून काचेसारखा जिप्समचा खडा आणला. मामांनी तो नियमानं रात्रभर वाळवला. सकाळी खडूसारखा पांढरा, नखानं भुगा!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आता याचं प्लास्टर करा.”

मामांनी खरंच केलं. त्या प्लास्टरात बसवलेल्या खिळ्याला लॅबचं कॅलेंडर अजून लटकतंय.

*

शुक्रवारी वाळूत काहीतरी तपकिरी दिसलं. झुरळ समजून मी किंचाळले. मामा काठी घेऊन धावले. बघतो तर स्फटिक! पाकळीसारखा, नखाएवढा. सहा महिन्यांत उगवलेला एकुलता एक. सोमवारी परीक्षक तोच बघायला येणार होते.

आणि ट्रे ओला होता.

*

मॅडम पाटणच्या डोंगरात, रेंजच्या बाहेर. मामांना अकरा फोन झाले. बाराव्याला आवाज आला, “बोल गं.”

“मामा, ओव्हनमध्ये काय आहे?”

“शेंगा. उद्याच्या परीक्षकास्नी.”

“आणि माझा ट्रे?”

“मांडीवर हाय. खिडकी पुसलीया, ती वाळूस्तवर धरून बसलोय. तूच म्हणालीस, धक्का लावायचा न्हाई. दोनी हात गुतल्यात, फोन कसा उचलू?”

“मग आता कसा उचललात?”

“नाकानं.”